मुरमाड जमिनीत आणि बोअरच्या पाण्यावर कोणती फुलझाडे टिकतील?

प्रश्न : आम्ही सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेशेजारी वस्तीवर घर बांधले असून घरासमोरची सुमारे दोन गुंठे जागा फुलझाडांसाठी मोकळी ठेवली आहे. जमीन मुरमाड आहे. पाणी बोअरचे आहे आणि मे महिन्यात ते जेमतेम घरापुरते उरते. गेल्या काही वर्षांत कलमी गुलाब, एक्झोरा, महाबळेश्वरहून आणलेले हायड्रेंजिया आणि मेक्सिकन लॉन असे सगळे लावून पाहिले. लॉन पहिल्याच उन्हाळ्यात जळाले, हायड्रेंजिया महिनाभरही टिकले नाही, एक्झोराची पाने पिवळी पडत पडत झाड गेले आणि गुलाबांपैकी दोनच कसेबसे जिवंत आहेत. आता नर्सरीवाले वेडेलिया लावा म्हणतात. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या अधूनमधून आत शिरतात आणि मे महिन्यात नातवंडे सुट्टीला असतात. वर्षानुवर्षे टिकतील अशी फुलांची झुडपे, जमिनीवर पसरणारी झाडे आणि कंदांची फुले सुचवाल का?
— एक वाचक, ता. सांगोला

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, या झाडांच्या मरण्यात तुमच्या निगराणीचा दोष फारसा दिसत नाही. तुम्ही लावलेले जवळजवळ प्रत्येक झाड दुसऱ्या कुठल्यातरी मातीचे आणि हवेचे होते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथली माती लाल, जांभ्याची आणि आम्लधर्मी आहे, आणि उन्हाळ्यातही तिथल्या रात्री गार असतात. तुमच्याकडे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, माती चुनखडीची आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर. त्या हवेत वाढलेल्या हायड्रेंजियाला तुम्ही कितीही जपले असते तरी ते जगले नसते.

एक्झोराचे पिवळे पडणेही याच कारणाने झाले असावे. शेंडा-पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे चित्र तुम्ही पाहिले असेल तर ती लोहाची कमतरता होय. अशा जमिनीत लोह असतेच, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यामुळे वरून कितीही शेणखत घातले तरी काही महिन्यांत पाने पुन्हा पिवळी पडतात. कोकणातल्या जांभ्या मातीत हाच एक्झोरा बिनतक्रार फुलतो. तुमच्या जमिनीत चुना किती आहे याचा अंदाज घरीच घेता येईल. एक वीतभर खोलीची कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. बारीक चरचर ऐकू आली आणि बुडबुडे दिसले की चुना आहे असे समजावे. फेस भराभरा वर आला तर तो भरपूर आहे आणि एक्झोरा, गार्डेनिया, अझेलिया यांचा नाद सोडावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. चिवट झाड म्हणजे बारा महिने हिरवे राहून बारा महिने फुलणारे झाड, अशी अपेक्षा नर्सरीतल्या रंगीत पाट्यांमुळे आपल्या मनात तयार होते, आणि झाडांची निवड तिथेच चुकते. कोरडवाहू पट्ट्यात चिवट झाड ते, जे चैत्र-वैशाखात पाने गाळून, खोडापर्यंत वाळून किंवा जमिनीखाली कंदात शिरून स्वस्थ राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठते. डाळिंबाच्या बागेत तुम्ही हे रोज पाहता. बहार धरायचा म्हणून पाणी तोडून झाडाला ताण देता, पानगळ होते, आणि मग पाणी सोडल्यावर झाड कळ्यांनी भरते. फुलझाडांपैकी पुष्कळांचा स्वभाव हाच आहे. म्हणून झाड निवडताना ते दिवाळीत कसे दिसते यापेक्षा मे महिन्यात कसे वागते हे आधी विचारावे, आणि बागेचा काही भाग उन्हाळ्यात करडा दिसेल हे मनाशी मान्य करावे. हे एकदा मान्य केले की तुमच्या जागेत लावण्यासारखी झाडे कमी नाहीत, उलट निवड करणे अवघड जाईल.

माझ्या यादीत पहिले नाव तरवडाचे आहे. तुम्ही कदाचित हसाल, कारण तरवड तुमच्याकडे माळावर आणि रस्त्याच्या कडेला आपोआप वाढतो आणि त्याला कोणी बागेत जागा देत नाही. पण तो एकदा नीट पाहा. चार-पाच फुटांचे गोलसर झुडूप, चिंचेसारखी संयुक्त पाने आणि फांद्यांच्या टोकांना हळदी रंगाच्या मोठ्या फुलांचे घोस, जे पावसाळ्यानंतर सर्वांत दाट असतात आणि एरवीही वर्षभर कमी-अधिक येत राहतात. चुनखडी त्याला चालते, मुरूम चालतो, आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, हे तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेलंगणाने याच फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. सोलापुरातील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा रचतात तेव्हा त्यातही हीच पिवळी फुले असतात. आपल्याच जिल्ह्यात ज्या फुलाची पूजा होते ते अंगणात लावायला आपण का संकोचावे, हे मला कधीच पटलेले नाही. फिकट पिवळसर फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात आणि अळ्या काही पाने कुरतडतात. त्यावर औषध मारू नये, झाड ते सहज सोसते. दरवर्षी फुलांचा भर ओसरल्यावर फांद्या एक-तृतीयांश छाटल्या की झुडूप भरगच्च राहते, नाहीतर बुडाशी उघडे पडते.

तरवडाच्या जोडीला कोरांटी लावा. काटेकोरांटीची फुले पिवळी-केशरी असतात आणि तिला पानांच्या बेचक्यांत अणकुचीदार काटे असतात, म्हणून ती शेळ्या जिथून येतात त्या बाजूला लावावी. बिनकाट्याची कोरांटी जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या रंगांत मिळते आणि तिची जागा वाटेच्या कडेला आहे. दोन्ही पाऊस संपता संपता फुलू लागतात आणि थंडी भरात येईपर्यंत फुलत राहतात, म्हणजे नवरात्र आणि दिवाळी दोन्हींना फुले हाताशी असतात. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. उन्हाळ्यात कोरांटी इतकी वाळलेली दिसते की ती मेली असे समजून लोक उपटून टाकतात. उपटण्यापूर्वी बुडाजवळच्या जाड फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आतला पापुद्रा हिरवा आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा आणि पावसाची वाट पाहा.

सह्याद्रीच्या उतारांवरची धायटीही तुमच्याकडे येईल, फक्त तिला पहिली दोन वर्षे पाणी थोडे जास्त द्यावे लागेल. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी जिची फुले वापरतात तीच ही धातकी. तिचा मोठा गुण असा की, बाकीची बाग सुकत चाललेली असते त्या जानेवारी ते एप्रिलच्या काळात तिच्या कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या लाल नळीदार फुलांनी झाकून जातात आणि मध खायला शिंजीर दिवसभर येत राहतात. नर्सरीत ती सहज मिळत नाही. देशी झाडांची रोपे करणाऱ्यांकडे किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी.

कुंपणासाठी निर्गुडी, मेंदी आणि वनजाई या तिघांपैकी कोणतेही घ्या. निर्गुडीला निळसर-जांभळे तुरे येतात, तिच्या फांद्या पावसाळ्यात नुसत्या खोचल्या तरी मूळ धरतात आणि तिच्या उग्र वासामुळे शेळ्या लांब राहतात. वनजाई मुळात खाऱ्या किनाऱ्यावरची, म्हणून बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला ती दाद देत नाही. मेंदी सारखी कातरली नाही तर तिला पांढरट, अतिशय सुवासिक फुले येतात, हे पुष्कळांना ठाऊकही नसते, कारण आपण तिला फुलू देत नाही.

बोगनवेल अर्थातच लावा, आणि ती पश्चिमेच्या भिंतीला लावा, जिथे दुपारचे ऊन दुसऱ्या कशालाच सोसत नाही. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि खत दिले की ती पाने आणि लांब फोक काढत बसते. पाणी आखडले की रंग धरते. शेळ्या तिची पाने आवडीने खातात, म्हणून वेल कमरेच्या वर जाईपर्यंत तिला काटेरी फांद्यांचे कुंपण करावे.

कण्हेरीबद्दल विचार करून सांगतो. पाणी, माती, ऊन, शेळ्या या सगळ्या कसोट्यांवर ती उतरते आणि महामार्गांच्या दुभाजकांवर ती का लावतात हे उघड आहे. पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, आणि पिवळ्या कण्हेरीच्या म्हणजे बिट्टीच्या बिया तर हृदयावर थेट आघात करणाऱ्या असतात. त्या बिया मुलांना खेळायला आवडतात. तुमच्या घरी लहान मुले येतात, म्हणून बिट्टी अंगणात मुळीच लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साधी लाल-गुलाबी कण्हेर लावायचीच झाली तर ती कुंपणाच्या बाहेरच्या ओळीत लावावी आणि तिच्या छाटलेल्या फांद्या चुलीत जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. कळलावीची फुले देखणी असतात, पण त्याच कारणाने तीही नको.

वेडेलियाचा सल्ला मानू नका. ते झाड पसरते खरे, पण हिरवे राहण्यासाठी त्याला सतत ओल लागते, आणि जिथे ओल मिळते तिथे ते थांबत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली आहे तिच्यात ते आहे, आणि आपली घाणेरीही आहे. तुमच्या डाळिंबाच्या ठिबकची ओल त्याला सापडली तर ते बागेत शिरेल, आणि गाठी-गाठींवर मुळे धरणारे हे झाड खुरपून काढणे म्हणजे मजुरीचा कायमचा खर्च आहे.

त्याऐवजी जमीन दोन भागांत विचारात घ्यावी. जिथे कायम कडक ऊन आणि कोरडेपणा आहे तिथे ऑफिस टाइम लावा, ज्याला काही ठिकाणी चिनी गुलाब म्हणतात. त्याची बोटभर लांबीची फांदी मोडून ओल्या मातीत खोचली की काम झाले. मांसल पानांत पाणी साठवून ते ऊन सोसते, सकाळी ऊन चढल्यावर फुलते आणि दुपारनंतर मिटते. रोप जुने झाले की त्याचे देठ लांबट आणि पिंगट होतात, तेव्हा शेंडे खुडून पुन्हा लावत राहावे. त्याच्यामध्ये विष्णुक्रांतेच्या बिया पडू द्या. माळरानावर पावसाळ्यात उगवणारी, नखाएवढ्या निळ्या फुलांची ही वनस्पती मुरमातच खुश असते आणि तिला खत घातले तर ती उलट इतर गवतात हरवून जाते. पाण्याची टाकी, नळ किंवा हौद यांच्याजवळ जिथे थोडी ओल राहते तिथे जलपिंपळी लावावी; ती जमिनीला चिकटून दाट गालिचा करते, तिच्यावरून चाललेले तिला सोसते, क्षार सोसतो, आणि तिच्या बारीक पांढऱ्या-जांभळ्या फुलांवर लहान फुलपाखरे व मधमाश्या सतत असतात. मधमाश्यांमुळे मुलांनी तिथे अनवाणी खेळू नये, एवढे सांगून ठेवा.

उरलेल्या जागेत मुरूमच राहू द्या. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. एवढी सगळी जमीन हिरवी झाकण्याइतके पाणी तुमच्याकडे नाही आणि तशी गरजही नाही. झुडपांच्या गटांभोवती उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा तीन इंच पसरावा आणि मधल्या वाटा स्वच्छ ठेवाव्यात. पाचट खोडाला भिडू देऊ नये, आणि वाळवी दिसली तर खोडाभोवती निंबोळी पेंड मिसळावी.

कंदांच्या आणि जमिनीखाली झोपणाऱ्या फुलांत तुमच्यासाठी गुलबक्षी सर्वांत भरवशाची आहे. तिचे मूळ गाजरासारखे फुगते, उन्हाळ्यात वरचा भाग नाहीसा होतो आणि जूनमध्ये पुन्हा कोंब येतात; संध्याकाळी अंगणात बसण्याच्या वेळीच ती फुलते, म्हणून तिला ओसरीजवळ जागा द्यावी. तिच्या काळ्या बिया पोटात जाऊ नयेत, हे मुलांना सांगावे. पावसाळी लिलीचे कंद वाटेच्या दोन्ही कडांना चार-चार बोटांवर लावा, कारण पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांतच त्या ओळीने एकदम फुलतात. निशिगंधाला पाणी जास्त लागते, म्हणून त्याचे दहा-पंधरा कंद पुरेत. सदाफुली बाराही महिने फुलेल आणि जनावरे तिला खाणार नाहीत, पण तिच्या मुळांशी पाणी साचले की ती एका आठवड्यात कुजते, त्यामुळे ती उंचवट्यावरच असावी.

आता मोगरा, जास्वंद, अबोली आणि तुमचे वाचलेले दोन गुलाब. ही झाडे चिवट म्हणता येणार नाहीत, पण गणपतीला जास्वंद आणि गजऱ्याला मोगरा हवा, हे मी समजू शकतो. त्यांना घराच्या पूर्वेच्या बाजूला एकत्र आणा, जिथे सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली पडेल. पाणी जास्त पिणारी झाडे बागभर विखुरली की पाणीही बागभर फिरवावे लागते. एका कोपऱ्यात असली की भांडी विसळल्याचे पाणीसुद्धा त्यांना पुरते. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडा, जानेवारीत त्याची पाने उतरवून हलकी छाटणी करा, आणि फेब्रुवारीत शेणखत घालून पाणी सुरू करा; बहार धरण्याची ही रीत तुम्हाला नव्याने शिकवायला नको. अबोलीच्या वाळलेल्या बोंडांना पाण्याचा थेंब लागला की ती तडकन फुटून बिया उडवतात, त्यामुळे एक झाड लावले तरी पुढे भोवतीने रोपे आपोआप मिळत राहतात. साबणाचे पाणी ज्या बाजूने बाहेर पडते तिथे कर्दळ लावली की तो कोपराही मार्गी लागेल.

रोपे घेताना फुलांनी लगडलेले मोठे झाड घेण्याचा मोह टाळा. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर आली असतील किंवा पिशवी काढल्यावर मुळे गोल गोल फिरलेली दिसली, तर ते झाड मुरमात पाय पसरू शकत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात जाते. फूट-दीड फुटाचे, ताठ खोडाचे, उन्हात ठेवलेले रोप सर्वांत चांगले. खड्डे दोन फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावेत व उन्हात तापू द्यावेत. भरताना निघालेला बारीक मुरूम एक भाग, तळ्याचा गाळ किंवा चांगली माती एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. नुसते खत-माती भरली तर मुळे त्या मऊ खड्ड्यातच घुटमळतात, बाहेरच्या कठीण मुरमात जात नाहीत, आणि ज्या दिवशी पाणी चुकते त्या दिवशी झाड माना टाकते. भरण्यापूर्वी खड्डा एकदा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच साचलेले असेल तर खाली पाषाण आहे, आणि ती जागा सोडून द्यावी.

चिवट झाडालाही पहिले दोन उन्हाळे जपावेच लागते, ही गोष्ट सांगायची राहून जाते आणि मग लोक झाडाला दोष देतात. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी आठ-दहा लिटर पाणी सावकाश मुरेल असे द्यावे, दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, आणि तिसऱ्या वर्षापासून तरवड, कोरांटी, निर्गुडी यांना महिन्यातून एकदा दिले तरी चालेल. रोज संध्याकाळी पाइपने शिंपडण्याची सवय पूर्ण सोडावी, कारण त्याने मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन साचतात. ठिबकचे ड्रिपर तुमच्याकडे आहेतच. ते पहिल्या वर्षी खोडाजवळ आणि दुसऱ्या वर्षी फांद्यांच्या घेराखाली सरकवावेत. जिथे ठिबक पोहोचत नाही तिथे बाहेरून तेलरंग न दिलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. शिवाय घराच्या छताचा विचार करा. हजार चौरस फुटांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४६ हजार लिटर पाणी होते, आणि ते गोडे, क्षारमुक्त पाणी असते. त्यातले थोडे टाकीत साठवले तर पूर्वेकडच्या गुलाब-मोगऱ्यांचा उन्हाळा निभावेल. उरलेले पन्हळीतून झुडपांच्या ओळीकडे वळवावे म्हणजे वर्षभर साचलेले क्षार खाली धुऊन जातील.

लागवड मृगाचे दोन दमदार पाऊस झाल्यावरच करावी. खड्डे एप्रिलमध्ये घ्या, मे महिन्याच्या अखेरीस भरा. मात्र तरवडाचे काम आताच सुरू करता येईल, कारण बांधावरच्या झुडपांवर त्याच्या चपट्या, तपकिरी शेंगा सध्या वाळलेल्या असतील. त्यांतल्या टणक बिया काढून कढत पाण्यात टाका, पाणी आपोआप निवू द्या आणि रात्रभर तशाच ठेवा. सकाळी ज्या फुगल्या असतील त्या पिशव्यांत लावा आणि ज्या फुगल्या नसतील त्यांना हाच उपचार पुन्हा एकदा करा. या झाडाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून पिशव्या उंच घ्याव्यात आणि रोपे पावसाळा लागताच जमिनीत लावावीत.